मामीच्या हातची भिंगरी

नागपूर,
बुधवार, २ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. सौ. देवकीताईंना,

गिरिधरचा नमस्कार. दर पत्रात साष्टांग नमस्कार लिहितो, तसा आज लिहीत नाही, कारण कोणी खरोखर घालून दाखव म्हटलं तर या खोलीत ते शक्य नाही. जमिनीवर टाचण्या सांडल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच सापडल्या, उरलेल्या कुठे दबा धरून बसल्या आहेत ते माझ्या टाचांना रोज थोडं थोडं कळत असतं. तेव्हा उभ्यानं केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. भाऊसाहेबांचा गुडघा आता कसा आहे? मुलांचा गोवर गेला असेल आणि यवतमाळची थंडीही ओसरू लागली असेल. तुमचे आजेसासरे अजून पहाटे गार पाण्यानं अंघोळ करतात का? (त्यांची चौकशी मी उगीच करत नाही, ते पुढे कळेलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं मानू नका.

हसण्यासारखं पुष्कळ घडलं आहे, पण आधी न हसण्यासारखं लिहून टाकतो. आमच्या चारूला, माझ्या धाकट्या बहिणीला, धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहात आणून ठेवलं आहे. अजून दिवस भरलेले नाहीत, पण पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. ही तिची तिसरी खेप, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं बाळ नाव ठेवायच्या आत गेलं. दुसरं रडलंच नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. पुढची सगळी रडकथा या चार ओळींमुळे घडली आहे एवढं ध्यानात ठेवून वाचा, म्हणजे मधेच तुम्हाला हसू फुटलं तरी मी राग मानणार नाही.

तर आईच्या शास्त्राप्रमाणे (हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे असं मी एकदा विचारलं, तेव्हा 'माझ्या आईच्या' असं उत्तर मिळालं) ज्या बाईची मुलं राहत नाहीत तिच्या बाळाच्या अंगाखाली घरचं कापड घालायचं नाही. दुसऱ्याच्या घरून मागून आणायचं. विकत घेतलेलं चालत नाही, आणि कोणी आपणहून दिलेलंही चालत नाही. तोंड उघडून मागावंच लागतं. रंग दोनच. पांढरं कापड पणतू पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या धोतराचं हवं, आणि लाल हवं ते जिची सगळी लेकरं जिवंत आहेत अशा सवाष्णीच्या लुगड्याचं. अख्खं दुपटं तसं नसलं तरी भागतं, पण त्याच्या मधोमध या दोन रंगांच्या चिंध्या जोडून केलेला एक चौकोन पाहिजे. मागायचं मामानं आणि शिवायचं मामीनं. मामा म्हणजे मी, आणि मामी म्हणजे तुमची धाकटी बहीण लतिका.

तुम्ही म्हणाल, एवढं शास्त्र माहीत असलेली बाई स्वतःच का नाही शिवत? आईचं शिवण तुम्ही पाहिलं आहे. डोळे मिटून सुईत दोरा ओवेल अशी बाई. मागच्या दोन्ही वेळची दुपटी तिनंच शिवली होती. ती दुपटी आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. त्यानंतर मात्र तिनं सुईला हात लावलेला नाही. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर ते उचलून लतिकेपुढे ठेवते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. घरात कोणी तिला कारण विचारत नाही, तुम्हीही पत्रात विचारू नका.

आता लतिकेविषयी. माझी तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. सायकलला डबा अडकवून ती रोज धंतोलीला जाते आणि वरणाचा थेंब सांडत नाही. पण तिनं लावलेलं बटण शर्ट आणि आतला बनियन दोन्हींतून आरपार गेलं, आणि ऑफिसातून आल्यावर मला ते दोन्ही कपडे एकदमच काढावे लागले. आईला यातलं काही माहीत नाही. तिच्या डोळ्यांपुढे आमच्या लग्नातलं रुखवत आहे. आठवतं ना? मधल्या टेबलावर भिंगऱ्यांची गोधडी, तिच्यावर टाचणीनं चिठ्ठी लावलेली, 'चि. सौ. कां. लतिका हिने स्वहस्ते शिवलेली'. ते स्वहस्त कोणाचे होते ते तुम्हाला मी सांगायला नको. रुखवत नवरीच्या बहिणी आणि मावश्या करतात हे घरोघरी ठाऊक असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही, पण आमच्या आईनं ती चिठ्ठी अक्षरशः खरी मानली आणि पुढे वर्षभर अख्ख्या नागपुरात सांगत फिरली. आता तिनं फर्मावलं, की लतिका, तशीच एक भिंगरी शीव, माझ्या चारूच्या बाळाला. लतिका 'हो आई' म्हणाली, आत आली आणि उशीत तोंड खुपसून बसली.

पहिलं काम माझं, मागण्याचं. त्यात मला कसलीच अडचण दिसत नव्हती. आमच्या बाबांचे जुने स्नेही चंपतराव, शेती काटोलकडे, पण नातवाची लकडगंजात लाकडाची वखार आहे म्हणून थंडीत तिथे राहायला येतात. गेल्या वर्षी त्यांनी पणतू पाहिला (सोन्याची फुलं उधळली होती, पेढे आम्हालाही आले होते). त्यांची सून गोपिकाकाकू पाच मुलांची आई, पाचही धडधाकट. म्हणजे लाल आणि पांढरं एकाच छपराखाली. मी सकाळीच सायकल काढली.

अंगणात पाय ठेवतो तोच चंपतरावांनी खाटेवरची धोतराची घडी उचलून माझ्या हातात कोंबली. आईनं देवळात गोपिकाकाकूंच्या कानावर सगळं आधीच घातलं होतं, आणि त्यांनी ते सासऱ्यांना सांगितलं होतं. "घे गा गिरिधर," ते म्हणाले, "मले मालूम हाय तू काहून आला." मी म्हटलं, काका, न मागता दिलेलं चालत नाही. "मंग माग," ते म्हणाले. आता हातात असलेली वस्तू मागायची कशी? मी ती त्यांना परत घ्यायला लावली. त्यांनी घेतली. मी तोंड उघडणार एवढ्यात शंका त्यांनाच आली. म्हणाले, "थांब. हे तं मी कालच पेटीतून काढून तुह्यासाठी ठेवलं होतं. म्हंजे तुहंच झालं नं हे. माहं असन तवा तू मागशीन." असं म्हणून ते आत गेले, अंगावरचं स्वच्छ धोतर सोडलं, ते जुनं विरलेलं धोतर नेसून बाहेर आले आणि पायरीवर ताठ उभे राहिले. "आता माहं हाय. माग."

तेव्हा ताई, भर सकाळी लकडगंजात, वखारीतले हमाल हातातलं काम थांबवून बघत असताना, मी एका नव्वदीच्या गृहस्थाकडे त्यांच्या नेसत्या धोतराची याचना केली. त्यांनी 'दिलं' म्हटलं आणि ते द्यायला पुन्हा आत गेले. गोपिकाकाकू दारात येऊन म्हणाल्या, "मामाजीले थंडीत काहून घडी घडी कपडे बदलवून राहिला रे बाबू?" मी त्यांच्याकडेही रीतसर मागितलं. त्यांचं जुनं लाल लुगडं पार पोतेरं होऊन गेलं होतं, म्हणून त्यांनी दिवाळीचं लुगडं काढलं, सणावारीच नेसलेलं, आणि मी नको नको म्हणतो तोवर त्याचा पदराकडचा तुकडा टर्रकन फाडून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "माहे पाचही जित्ते हायेत. चारूले सांगजो, हे माह्या लुगड्याचं हाय, भेव नोको करू म्हणा." मी मान हलवली. बोलायला मला जमलं नाही. (सणावारीच नेसलेल्या लाल लुगड्याचा रंग पुढे काय करतो हे मला त्या वेळी माहीत असतं, तर कदाचित बोलायला जमलं असतं.)

कापड घरात आलं आणि शिवायचं कोणी हा प्रश्न उभा राहिला. लतिकेनं प्रयत्न केला नाही असं नाही. तिनं एक पूर्ण संध्याकाळ सुईत दोरा ओवण्यात घालवली, आणि ओवला गेल्यावर तिला इतका आनंद झाला की पुढे काही करायचं आहे हेच ती विसरली. तेव्हा मी म्हटलं, आण इकडे. ताई, मी नकाशे काढून पोट भरतो. खापरखेड्याच्या वीजघराच्या वसाहतीतली क्वार्टरं माझ्या हातून उभी राहिली आहेत आणि त्यातली एकही भिंत वाकडी नाही (निदान कागदावर तरी). भिंगरीत असं असतं काय? चार लाल त्रिकोण, चार पांढरे, एकाआड एक, आणि सगळ्यांची टोकं मधोमध एका बिंदूत मिळायची. मी बोर्डावर कागद लावला, टी-स्क्वेअर घेतला, अणकुचीदार पेन्सिलीनं भिंगरीचा पूर्ण मापाचा नकाशा काढला, प्रत्येक त्रिकोणाला क्रमांक दिला, पुठ्ठ्याचे साचे कापले. नकाशा असा सुरेख झाला की मी तो फ्रेम करू या म्हणालो. आजही या सगळ्या प्रकरणात लोकांना दाखवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

मग कापडावर साचे ठेवून त्रिकोण कापले. नेमके त्याच मापाचे. इथे वाचता वाचता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. शिवताना कडा आत जातात, त्यासाठी चहूकडून बोटभर माया सोडून कापायचं असतं, हे मला कोणीही सांगितलं असतं, पण मी विचारणार कोणाला? शेजारणीला विचारलं तर घटकाभरात आईला कळणार. आमच्या नकाशात भिंतीला भिंत लागते, ती काठाकाठानं दुमडून आत घ्यावी लागत नाही. त्यामुळे चांगला दोन वितींचा व्हायचा चौकोन शिवून झाल्यावर पानाच्या ताटलीएवढा उरला. शिवाय टोकं मध्ये मिळालीच नाहीत. जिथे बिंदू असायला हवा तिथे भोक राहिलं, आणि लतिकेनं त्यातून करंगळी घालून पलीकडून हलवून दाखवली. ती मला हसवायला बघत होती. मला हसू आलं नाही.

उसवलं. उसवताना चारूची आठवण आली आणि हात जरा जोरात चालला, त्यात दोन त्रिकोण फाटले. पांढरं कापड भरपूर होतं, लाल थोडंच उरलं होतं, आणि एकाच दारात दुसऱ्यांदा मागितलं की पहिलं मागणंही फुकट जातं, असं आईचं शास्त्र सांगतं. (मी आडून विचारलं. 'कोणी असं केलं तर काय होईल गं' असं म्हणालो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.) या वेळी माया सोडली, पण लाल पुरेना, म्हणून चौथा लाल त्रिकोण फाटक्या चिंध्या एकमेकींना जोडून केला. पांढऱ्याची वेगळीच तऱ्हा. धोतर वर्षानुवर्षं धुवून इतकं मऊ झालं आहे की तिरकं कापलं की कणकेसारखं लांबतं. एका टोकाला धरून सरळ करावं तर दुसरं टोक कोपऱ्याबाहेर जाऊन बसतं. मी पट्टीनं मोजून टाके घातले, प्रत्येक टाका सारख्या लांबीचा, ओळ अशी की तिच्यावरून रूळ टाकावेत, आणि त्या सरळ ओळींनी जोडलेलं कापड मात्र जेवणाच्या पंगतीत मागे रेललेल्या माणसासारखं एका अंगाला कलतं.

हे सगळं चोरून. आई दुपारी जेवण झालं की रिक्षानं धंतोलीला जाते आणि दिवेलागणीला येते. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा काढून घरी येऊन बसतो. लतिका खिडकीशी रस्त्यावर नजर ठेवून. रिक्षा दिसली की चौकोन माझ्या मांडीवरून तिच्या मांडीवर आणि वर्तमानपत्र तिच्या हातातून माझ्या हातात. हे अगदी तालमीत बसलं होतं. परवा मात्र रिक्षा दाराशी आली, लतिकेनं चौकोन ओढला आणि त्याच्याबरोबर माझा लेंगाही उचलला गेला. कापडाखाली लेंगा आहे हे लक्षात न घेता मी दोन्ही मिळून शिवलं होतं. तोडायला वेळ नव्हता. लतिका तशीच माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, चौकोन तिच्या मांडीवर, लेंगा माझ्या पायात, मधे टाके आणि वरून वर्तमानपत्र. आई आत आली, दिवसाउजेडी नवरा-बायको इतकी चिकटून बसलेली तिनं पाहिली आणि 'मी आत दिवा लावते' म्हणून झटक्यात निघून गेली. त्या दिवशी ती आमच्यावर फार प्रसन्न होती.

माझ्या बोटांची अवस्था काय सांगू? ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा पेन्सिल टोचली म्हणून सांगितलं. पाचही बोटांना पेन्सिल कशी टोचते असं त्यांनी पुढे विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. काल जेवताना आईनं आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग लतिकेच्या. तिच्या बोटांवर ओरखडासुद्धा नाही. आई एवढंच म्हणाली, "लिंबाचं लोणचं आज नको घेऊ, झोंबेल." मी नाही घेतलं. आमचं बिंग अजून फुटलेलं नाही एवढंच मला बरं वाटलं.

आणि आज सगळ्यावर पाणी फिरलं. खरोखरचं पाणी. भिंगरी कशीबशी पुरी होत आली होती, एका बाजूची कड तेवढी राहिली होती. मधलं भोक बुजलं होतं, चौकोन कललेला होता पण चौकोन म्हणता येण्यासारखा होता. लतिका म्हणाली, मामीनं काहीतरी केलं पाहिजे, निदान मी धुऊन तरी देते, नव्या बाळाला लागणार. दुपारपासून ती माझ्या बोटांना हळद लावत बसली होती, मला नाही म्हणवेना. तिनं कडकडीत पाणी केलं, सोडा घातला. मग न्हाणीघरातून बराच वेळ आवाजच येईना म्हणून मी जाऊन पाहिलं. ती बादलीपुढे बसून रडत होती. दिवाळीच्या लुगड्यानं आपला सगळा रंग चंपतरावांच्या धोतराला देऊन टाकला होता. दोन रंगांची भिंगरी पार गुलाबी झाली आहे. लालही गुलाबी, पांढरंही गुलाबी. नीट निरखून पाहिलं तर कुठे गडद आणि कुठे फिकं असं दिसतं, आणि ते दिसलं की ती आणखीच वाकडी वाटते.

ताई, मी देवभोळा माणूस नाही. चिंधीनं बाळ राहत असतं तर दवाखाने कशाला काढले असते, असं मीच चारचौघांत बोलत असतो. पण त्या लाकडी पलंगावर चारू हलायचीसुद्धा भीती धरून पडलेली असते. मी भेटायला गेलो की आधी विचारते, 'वहिनीची भिंगरी झाली का रे?' मी 'होत आली' म्हणतो. हे ती रोज विचारते आणि मी रोज म्हणतो. शास्त्रातलं आता काय उरलं आहे ते बघा. दोन रंगांचा एक झाला. मामीच्या जागी मामानं शिवलं. फक्त मागणं तेवढं नीट झालं होतं, तेही म्हाताऱ्या माणसाला थंडीत उभं करून. उद्या आई दुपटं मागेल. मी तिला काय दाखवू? मला भीती वाटते, आणि ती आईच्या रागाची नाही.

दिवेलागणीची वेळ झाली, रिक्षा येईल, म्हणून थांबतो. भाऊसाहेबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, टाचण्यांच्या मधोमध उभा,
गिरिधर

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. ताई, एक भिंगरी शिवून पाठवा. तुमच्या शेजारचे शालिकराम दर शनिवारी एस.टी.नं नागपूरला येतात, त्यांच्याबरोबर पाठवा. लाल तुमच्याच लुगड्याचं चालेल, देवाच्या दयेनं तुमची तिन्ही मुलं खुशाल आहेत. पांढरं तुमच्या आजेसासऱ्यांच्या धोतराचं, त्यांनी तर तीन पणतवंडं पाहिली. मामा या नात्यानं मी या पत्रातून दोन्ही रीतसर मागतो आहे. हे वाचायच्या आधीच तुम्ही धोतर काढून ठेवलं असेल तर कृपा करून त्यांना परत नेसवा आणि मग हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचा. मामीच्या थोरल्या बहिणीला मामी धरता येतं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

ता. क. २. रविवार, ६ फेब्रुवारी. हे पत्र कोटाच्या खिशातच राहिलं. त्या दिवशी पाकीट चिकटवतो आहे तोच मार्तंडराव, चारूचे यजमान, अनवाणी पळत आले. मला पाहून त्यांना बोलता येईना, म्हणून आम्ही दोघेही नुसतेच पळालो.

गुरुवारी सकाळी मुलगी झाली. फार लहान आहे, डॉक्टरीणबाई अजून जपायला सांगतात. पण रडली. ताई, ती रडली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आवाज ऐकला. मार्तंडरावांनी माझा हात असा धरला की टोचलेली बोटं ठणकली, पण मी सोडवून घेतला नाही. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग वळून म्हणाली, "दुपटं आण." लतिका ते पिशवीत घेऊन आली होती. गुलाबी चौकोन तिनं घाईघाईनं एका साध्या दुपट्याच्या मधोमध टाचण्यांनी लावला होता, कारण दुसरं काहीच नव्हतं. 'आई, मला सांगायचं आहे,' एवढं ती म्हणाली. आईनं चौकोन उलटा करून उजेडाकडे धरला. म्हणाली, "हे गिरिधरचं शिवण आहे." मी खाली बघितलं. "टाके बघ मेल्याचे, पट्टीनं मोजून घातलेले. इतके सरळ टाके घालून इतकं वाकडं दुसऱ्या कोणाच्यानं शिवून होणार नाही. आणि लतिके, रुखवतातली गोधडी देवकीची होती हे मी लग्नातच ओळखलं होतं. तिचं बोट चिरलेलं होतं आणि तुझ्या हातावर नुसती मेंदी." मी म्हटलं, आई, दोन रंग राहिले नाहीत, आता काय करायचं? तिनं आतल्या रडण्याकडे कान दिला. "रंगच गेला नं," ती म्हणाली, "जाऊ दे."

एका बाजूची कड राहिली होती, ते लिहिलंच आहे. आईनं लतिकेच्या पिशवीतून सुईदोरा काढला. ओवला, पहिल्याच खेपेला. मग तिचा हात थांबला. सुई कापडाच्या वर तशीच धरलेली, आणि नजर दाराकडे. मी भेटायच्या वेळांची पाटी वाचत असल्याचं दाखवलं, ती मी चार-पाच वेळा वाचली. आत बाळ पुन्हा रडलं तेव्हा तिनं टाका घातला. सगळी कड तिनंच पुरी केली आणि दोरा दातानं तोडला. आईचे टाके वाकडे आलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मुलगी आता त्याच दुपट्यावर निजते, आणि चारू तिच्याकडे इतकं बघते की डोळे मिटायचंच विसरते.

तेव्हा वरच्या ता. क. मध्ये मागितलेली भिंगरी पाठवू नये. धोतर आणि लुगडं ज्याचं त्याला राहू द्या. मागणं मी परत घेतो.

ता. क. ३. नाही, पाठवाच. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सासूबाईंनी दुपटं पाहून कोणी शिवलं म्हणून विचारलं. आई माझ्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांना म्हणाली, "आमच्या सुनेनं. तिचं रुखवत बघायला पाहिजे होतं तुम्ही." आता वॉर्डातल्या दोन घरांना लतिकेच्या हातची भिंगरी हवी आहे, आणि आईनं परस्पर कबूलही करून टाकलं आहे. लतिका पुन्हा उशीत तोंड खुपसून बसली आहे. माझी बोटं आत्ता कुठे बरी होत आहेत.

तरी ताई, दोन भिंगऱ्या पाठवाव्यात, बारशाच्या आत. शिवून झाल्यावर कडकडीत पाण्यातून काढाव्यात. टोकं मध्ये मिळू देऊ नयेत, आणि एक अंग बोटभर लांब ठेवावं. सरळ शिवलीत तर ती तुमचीच आहे हे कोणीही ओळखेल आणि आई खोटी पडेल. तुमच्या हाताला वाकडं शिवायची सवय नाही हे मला माहीत आहे. जमत नसेल तर कळवा, मी नकाशा काढून पाठवतो.